हजेरी नोकराची, बिल कन्सल्टंटचे

हिंजवडी, खराडी, ऐरोलीत दर महिनाअखेर आपल्याच कंपनीला बिल देणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सकाळी कार्ड पंच करता. लॅपटॉप कंपनीचा. रजा मॅनेजरला विचारून. बाहेरचे काम घ्यायला करारानेच मनाई. आणि कागदावर मात्र तुम्ही ‘स्वतंत्र व्यावसायिक’! पगाराऐवजी फी, आणि तिच्यावर १० टक्के टीडीएस.

करारावर सही घेताना सांगितले गेले, “टॅक्स वाचेल.” हिशेब करूच. महिना ६०,००० म्हणजे वर्षाचे ७,२०,०००. तुमचा व्यवसाय आयकर कायद्यातल्या अनुमानित उत्पन्नाच्या यादीत बसत असेल तर निम्मीच रक्कम उत्पन्न धरली जाते, कर शून्य. खरे आहे. पण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२,७५,००० पर्यंतच्या पगारालाही कर शून्यच आहे. मग वाचले काय? एवढ्याच पगाराच्या नोकरदाराचा आयकरापोटी रुपयाही कापला जात नाही. तुमचे दरमहा ६,००० कापले जातात आणि परतावा मिळेपर्यंत वर्षाचे ७२,००० अडकून पडतात.

याहून मोठ्या रकमांवर करात काही फायदा उरतो, हे आम्ही नाकारत नाही. पण त्याच्या बदल्यात काय गेले? पीएफमधला मालकाचा वाटा गेला. नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी गेली. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा गेली, आणि हे सर्वांत निर्दय आहे: बाळ कुशीत असताना बिल नाही म्हणून पैसे नाहीत, आणि परतून येईपर्यंत करार संपलेला. २१ नोव्हेंबर २०२५ ला श्रमसंहिता लागू झाल्या, ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही वर्षभराच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. तो टाळायला ‘कन्सल्टंट’ हा शिक्का आता आणखी सढळ हाताने मारला जाईल.

ज्याची चार गिऱ्हाइके आहेत, जो आपला दर ठरवतो, नको ते काम नाकारतो, त्या खऱ्या सल्लागाराच्या करसवलतीला आमचा विरोध नाही. ती त्याला मिळालीच पाहिजे, कारण मंदीचा धोकाही तोच पत्करतो.

आणि नोकराला स्वतंत्र म्हणण्याची ही युक्ती नवी नाही. गुजरातेतल्या ध्रांगध्राच्या मिठागरांतले अगरिया तर स्वतः माणसे लावून मीठ पिकवत. मालक म्हणे, हे स्वतंत्र कंत्राटदार. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली त्यांना कामगार ठरवले, कारण कामाच्या प्रत्येक टप्प्यावर देखरेख मालकाची होती. जे अगरियांना लागू झाले, ते कार्ड पंच करणाऱ्याला का लागू होऊ नये?

पुरावा सरकारच्याच दफ्तरात आहे. बाराही महिने एकाच कंपनीकडून, एकाच आकड्याची फी: आयकर खात्याकडच्या तुमच्या टीडीएसच्या नोंदीत हे लख्ख दिसते. आयकर खात्याने ही माहिती पीएफ कार्यालयाला द्यावी, त्या कार्यालयाने अशा प्रत्येक कंपनीची तपासणी करावी, आणि माणूस नोकर नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी, ही आमची मागणी आहे.

तोवर नेमणुकीचे पत्र, रजेच्या मंजुऱ्या, हजेरीच्या नोंदी आजच स्वतःजवळ जपून ठेवा. कार्ड बंद झाल्यावर त्या कोणी देत नाही.