नकाशा आमचा, माऊस दुसऱ्याच्या हातात

चांदवडच्या डोंगरावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. सातमाळा रांगेच्या उत्तर उतारावरचे पाणी गिरणेत जाते, तिथून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात. दक्षिण उतारावरचे पाणी गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात पोहोचते. राजधेर, कोळधेर, इंद्राई आणि चांदवडचा किल्ला याच रांगेवर उभे आहेत. म्हणजे एकाच डोंगराच्या एका अंगाचे पाणी मालेगावच्या दिशेने जाते आणि दुसऱ्या अंगाचे निफाडच्या. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात मुलांना शिकवण्यासारखा याहून मोठा धडा कोणता?

हा धडा क्यूजीआयएस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन तासांत संगणकावर काढून पाहता येतो. २००० साली अमेरिकी अंतराळयानातून जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली. ती माहिती साधारण तीस मीटरच्या अंतराने इंटरनेटवर फुकट मिळते. ती उघडायची, पाणी कुठून कुठे वाहील हे संगणकाला विचारायचे आणि पाणलोटाची रेघ आपल्याच शिवारावरून जाताना पाहायची. त्यासाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही आणि कुणाची शिफारसही लागत नाही.

पण आपल्या पोरांच्या वाट्याला या विषयाची कार्यशाळा येते, तेव्हा तिच्यात चांदवड नसते, न्यूयॉर्क असते. पोस्टजीआयएस शिकवणारा जगभर गाजलेला अभ्यासक्रम न्यूयॉर्कच्या वस्त्या, रस्ते आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर बेतलेला आहे. क्यूजीआयएसचा जुना नमुना डेटा अलास्काचा. ग्रास या सॉफ्टवेअरचा आधी साउथ डकोटातल्या स्पिअरफिशचा होता, नंतर नॉर्थ कॅरोलिनाचा आला. ज्यांनी हे बनवले त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी आपापल्या गावाचा डेटा दिला आणि वर तो जगाला फुकट वाटला. दोष आपला आहे. वीस वर्षे होऊन गेली तरी त्या जागी आपले गाव ठेवावे असे आपल्याला वाटले नाही.

ओपन सोर्स नकाशा सॉफ्टवेअरवाल्यांची जागतिक परिषद ‘फॉसफोरजी’ या नावाने ओळखली जाते. २००६ साली ती स्वित्झर्लंडमधल्या लोझानला भरली. त्याच वर्षी या चळवळीची मध्यवर्ती संस्था, ओएसजिओ, स्थापन झाली. या परिषदेची आशियाई आवृत्ती २०१७ मध्ये हैदराबादला झाली. अशा परिषदांचा साचा ठरलेला असतो. आधीचे एक-दोन दिवस प्रत्यक्ष हाताने करून शिकण्याच्या कार्यशाळा, मग मोठ्या सभागृहातली भाषणे, निबंध, सत्कार. वर्तमानपत्रात बातमी येते ती भाषणांची. फोटो छापून येतो तो मंचाचा. कार्यशाळा म्हणजे जेवणाआधीचे सरबत, असा एकूण समज.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. परिषदेचे खरे काम कार्यशाळेतच होते. भाषणे नंतर यूट्यूबवर ऐकता येतात. शेजारी बसून ‘इथे का अडले?’ असे विचारणारा माणूस यूट्यूबवर मिळत नाही.

आता आपल्याकडची कार्यशाळा पाहा. कॉलेज कोणतेही असो, चित्र फारसे बदलत नाही. बॅनर लागते, दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ होते. पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांबतो. मग तज्ज्ञ प्रोजेक्टरवर दीडशे स्लाइड दाखवतात. दुपारी ‘प्रात्यक्षिक’ सुरू होते, तेव्हा कळते की निम्म्या संगणकांवर सॉफ्टवेअर टाकलेलेच नाही. साठ जण एकदम डाउनलोडला बसतात आणि वायफाय मान टाकते. एका संगणकाभोवती पाच जण. माऊस धरणारा एक, तोही बहुतेक वेळा मुलगाच. मुली मागे उभ्या राहून वहीत बटणांची नावे उतरवतात. साडेचारला प्रमाणपत्रे वाटतात, फोटो होतो आणि नॅकच्या फाइलमध्ये एका उपक्रमाची भर पडते. याला ‘हँड्स-ऑन’ म्हणणे म्हणजे काठावर बसवून पोहण्याचे सर्टिफिकेट देण्यासारखे आहे.

हाताने करण्याचा आग्रह कशासाठी? कारण या विषयातल्या चुका ऐकून कळत नाहीत. विहिरीभोवती पाचशे मीटरचा पट्टा काढायचा असतो. माहिती अक्षांश-रेखांशात असेल तर सॉफ्टवेअर पाचशे मीटर समजत नाही, पाचशे अंश समजते. सगळी पृथ्वी तीनशे साठ अंशांची, आणि तुमच्या विहिरीचा पट्टा पाचशेचा! पडदा एका रंगाने भरून जातो. त्या क्षणी पोरगी दचकते, आणि नाशिक जिल्ह्यासाठी यूटीएमचा त्रेचाळीसावा उत्तर विभाग निवडायचा असतो हे आयुष्यभर विसरत नाही. हीच गोष्ट स्लाइडवर दाखवली तर ती एक ओळ होते आणि परीक्षेनंतर पुसली जाते.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीचे. शेपफाइल हा जुना आणि अजूनही सर्रास वापरला जाणारा प्रकार. त्यात रकान्याच्या नावाला दहा बाइटची जागा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट खाते. म्हणजे ‘गटक्रमांक’ लिहायला गेलात की ‘गटक’वर गाडी थांबते. यावर उपाय आहे. जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरला की ही अडचण राहत नाही. पण ही अडचण न्यूयॉर्कच्या डेटावर शिकणाऱ्याला कधी भेटतच नाही. ती भेटते घरी, एकट्याला, कार्यशाळा संपल्यानंतर. मग तो मुलगा असा निष्कर्ष काढतो की हे सॉफ्टवेअर मराठीसाठी नाहीच. परक्याच्या डेटावर शिकवण्याचा हा खरा तोटा आहे.

कुणी म्हणेल, ठीक आहे, पण चांदवडच्या कांदेवाल्याच्या घरी याने काय फरक पडणार? फरक असा की नकाशा आता त्याच्या दारात आलेला आहे, तो बोलावो न बोलावो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाचा फोटो आणि ठिकाण नोंदवायचे आहे. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. महाराष्ट्रात तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. मनमाड चांदवडच्या शेजारीच. रेल्वे कुणाच्या गटातून जाणार, किती क्षेत्र जाणार, विहीर रेघेच्या आत की बाहेर, हे सगळे नकाशावर ठरते. तो नकाशा वाचता न येणारा माणूस सुनावणीला जातो आणि हात जोडून उभा राहतो. वाचता येणारा माणूस गट क्रमांक घेऊन प्रश्न विचारतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. क्यूजीआयएसमध्ये तुम्ही ओढलेली रेघ कोर्टात हद्द ठरत नाही. हद्द ठरते ती भूमी अभिलेखच्या मोजणीने. पण मोजणी चुकली असे म्हणायला तरी ती कशी झाली हे समजावे लागते. शिकण्याचा उपयोग तिथे आहे.

आता थोडे आपल्या घरातले. जून २०२५ मध्ये वक्फ मालमत्तांसाठी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाले आणि नोंदणीला सहा महिन्यांची मुदत ठरली. त्यात मालमत्तेचे मोजमाप आणि जिओटॅगिंग आले. कायद्याविषयी मते काहीही असोत, त्यावर वाद आहेत आणि ते व्हायलाही हवेत. पण कब्रस्तानची जागा नकाशावर दाखवणे हे काम कुणीतरी करायचे होते. किती मशीद कमिट्यांत असा एक तरी तरुण होता, ज्याला हे स्वतः करता येत होते? किती मुतवल्ली सायबर कॅफेवाल्याने टिचकी मारलेल्या ठिपक्यावर विसंबून राहिले? ठिपका रस्त्याच्या पलीकडे पडला तर उद्या कागद काय बोलेल, याचा विचार कुणी केला?

आपल्या जलशांत मात्र अल-बिरुनी हटकून येतो. त्याने नंदनाच्या किल्ल्याजवळच्या डोंगरावरून पृथ्वीची त्रिज्या मोजली. अल-इद्रिसीने ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा केला. टाळ्या पडतात, बिर्याणी होते, लोक घरी जातात. मला त्यापेक्षा अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन जवळचे वाटतात. भारताच्या महासर्वेक्षणात जॉर्ज एव्हरेस्टची मोठी कोनमापक यंत्रे दुरुस्त करणारा हा कारागीर. पुढे सर्वेक्षण खात्याचा यंत्रनिर्माता म्हणून इंग्रज माणसाच्या जागी त्यालाच नेमावे लागले. त्याची पत त्याच्या बोटांत होती. ‘नकाशा’ हा शब्द अरबीतून आला, ‘हद्द’ आणि ‘तालुका’सुद्धा तिथूनच आले, याचा अभिमान जरूर बाळगा. पण शब्द आपले आणि माऊस दुसऱ्याचा, असा अभिमान मोजणीच्या दिवशी कामाला येत नाही.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

‘गावात इंटरनेट नसते.’ नसू दे. ओएसजिओलाइव्ह नावाची व्यवस्था नेमकी यासाठीच आहे. एका पेन ड्राइव्हवर क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस, ग्रास आणि नमुना डेटा सगळे तयार असते. पेन ड्राइव्हवरूनच संगणक सुरू करायचा, काही टाकायचे नाही, काही डाउनलोड करायचे नाही. जगभरच्या परिषदांतल्या कार्यशाळा यावर चालल्या आहेत. आपल्याकडे अडते ते आदल्या दिवशी चाळीस पेन ड्राइव्ह भरून ठेवण्याच्या कंटाळ्याने.

‘नकाशे काढणे धोक्याचे, परवानगी लागते.’ २०१६ च्या विधेयकाच्या मसुद्यात शंभर कोटींपर्यंतच्या दंडाची भाषा होती, तेव्हाची ही भीती आहे. तो कायदा झालाच नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय नागरिकांना आणि संस्थांना संवेदनशील बाबी वगळून आगाऊ परवानगीशिवाय नकाशे करण्याची मुभा दिली.

‘मराठीत शब्द नाहीत.’ तलाठ्याच्या दप्तरात जाऊन बघा. शिवार, गट, बांध, हद्द, टिपण, फाळणी, पोटहिस्सा. पॉलिगॉन म्हणजे काय हे समजवायला ‘गट’ पुरेसा आहे. एका गटाचे दोन पोटहिस्से कसे करायचे हे ज्या घरात भाऊबंदकीचा वाद झाला आहे तिथे वेगळे सांगावे लागत नाही. ‘लेयर’ हा शब्द तसाच ठेवा, काही बिघडत नाही.

आणि हे जमणारच नाही असेही नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पडद्याच्या एका अर्ध्यात धडा आणि दुसऱ्या अर्ध्यात शिकणाऱ्याचे स्वतःचे काम, ही साधी रीत देशभर नेली. त्यांचे धडे अनेक भारतीय भाषांत आहेत, मराठीतही आहेत. त्याच आयआयटीने पोकरा प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढणारे प्लगइन क्यूजीआयएसवरच उभे केले. म्हणजे महाराष्ट्राच्या दुष्काळी गावांसाठी हे सॉफ्टवेअर आधीच वापरात आहे. फक्त ते गावातल्या माणसाच्या हातात नाही. टांझानियातल्या दार-ए-सलामने ते हातात दिले. रमानी हुरिया या उपक्रमात विद्यापीठातली मुले आणि वस्त्यांतले लोक यांनी मिळून पुराच्या धोक्याचे नकाशे केले. २०१८ ची जागतिक परिषद त्याच शहरात भरली. नकाशा आधी आला आणि परिषद नंतर.

म्हणून मागणी सरळ आहे. पुण्या-मुंबईत किंवा नाशिकला ओपन सोर्स नकाशांची पुढची परिषद घेणाऱ्यांनी कार्यशाळेचे दोन दिवस चांदवडसारख्या गावात घ्यावेत. इथे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मुंबई-आग्रा रस्ता आहे, मालेगाव-मनमाडहून सकाळी एसटीने येऊन संध्याकाळी परतता येते. वीसच जागा ठेवा, पण प्रत्येकाला स्वतंत्र संगणक द्या. निम्म्या जागा मुलींना. दोन जागा तलाठी-कोतवालांना, दोन मशीद किंवा देवस्थानच्या विश्वस्तांना, दोन कांदा उत्पादकांना. येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणि गट क्रमांक आणायचा. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही, कितीही उशीर झाला तरी. प्रमाणपत्र त्याच दिवशी देऊ नका. महिन्याभराने जो आपल्या गावच्या विहिरींचा, ओढ्यांचा किंवा कब्रस्तानचा नकाशा करून आणेल त्यालाच द्या. आणि शिकवणाऱ्याला मानधन द्या. सॉफ्टवेअर फुकट आहे, माणसाचे दोन दिवस फुकट नाहीत. शालीचे आणि बॅनरचे पैसे वाचले की त्यातून ते सहज निघेल.

तयार झालेला चांदवडचा डेटा मराठी रकान्यांसह जगाला खुला करा. मग ब्राझीलमधली एखादी मुलगी पाणलोट शिकताना सातमाळा रांग उघडेल. आपण तिच्या भागातल्या डेटावर शिकू शकतो, तर तिने आपल्या डेटावर शिकायला काय हरकत आहे? पण त्याआधी तो इथल्या वीस जणांना काढता आला पाहिजे. आयोजकांनी पुढच्या परिषदेच्या पत्रिकेत पाहुण्यांची नावे छापण्याआधी या वीस खुर्च्यांची जागा ठरवावी.