खुणेची किल्ली

मोटार ही मराठीच्या प्राध्यापकाला शोभणारी वस्तू नव्हे, असे माझे फार दिवसांचे मत होते. स्वतःची मोटार दारात येईपर्यंत ते टिकले. पुढे मोटारीतले आपल्यालाही चार गोष्टी कळतात असा माझा समज झाला, आणि गेल्या भाऊबीजेला त्याचे प्रायश्चित्त मिळाले.

त्या दिवशी सकाळी आम्हांला पुण्याहून साताऱ्याला ताईकडे जायचे होते. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, वडील गेल्यापासून शिक्षणासाठी आमच्याकडेच असतो. सौ. फराळाचे डबे घेऊन मागे बसली, भाचा पुढे बसला आणि मी किल्ली फिरवली. घर्र घर्र झाले, एंजिनाने क्षणभर धरल्यासारखे केले आणि गप्प! पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"मामा, काल मी..." भाचा काहीतरी सांगू लागला. पाडव्याच्या संध्याकाळी मीच त्याला गाडी देऊन मंडईत पाठवले होते.

"काल तू काय केलंस ते दिसतंच आहे," मी कडाडलो. "दुसऱ्याची वस्तू जरा जपून वापरावी माणसानं!"

तो एक शब्द न बोलता खाली उतरला. मागच्या सीटवर डब्यांचा आवाजदेखील थांबला. मला मात्र त्या वेळी गाडीपलीकडे काही दिसत नव्हते.

मग सणाच्या कपड्यांतली चार सभ्य माणसे गाडी ढकलू लागली. सोसायटीला अर्धी प्रदक्षिणा झाली, सर्वांना घाम फुटला, एंजिनाला मात्र दया आली नाही. तेवढ्यात शेजारचे काका सदऱ्याची बटणे लावीत आले. त्यांनी उभी हयात मोटारींच्या वर्कशॉपात काढलेली.

"सर, उगाच दमू नका," ते म्हणाले. "गाडी बिघडलेली नाही. तिनं तुम्हांला ओळखलेलं नाही. तो तांबडा दिवा बघा."

समोरच्या तबकडीत मोटारीचे चित्र आणि त्यावर किल्ली, असा एक चिमुकला दिवा घाईघाईने लुकलुकत होता. तीन वर्षे तो माझ्या नाकासमोर होता. विद्यार्थ्यांना ओळींमधला अर्थ वाचायला शिकवणाऱ्याला समोरची खूण वाचता आली नव्हती!

काकांनी सांगितले ते वाचकांच्याही उपयोगी पडावे. किल्लीच्या डोक्यात प्लॅस्टिकच्या आत एक बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. किल्लीच्या भोकाभोवती तारेचे कडे असते. किल्ली फिरवली की त्यातून निघणाऱ्या क्षीण लहरींच्या शक्तीवरच ती चिप जागी होते आणि आपली खूण सांगते. गाडीतल्या कॉम्प्युटरला ती पटली तर एंजिन चालते, न पटली तर पेट्रोल बंद. मग ढकलून काय होणार? या पहारेकऱ्याचे नाव इमोबिलायझर. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये १९९८ सालापासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. मला हे चटकन समजले. अशोकवनात रामाची अंगठी पाहिल्यावरच सीतामाईला मारुतीरायाची खात्री पटली, तसेच हे!

रोग ओळखण्याची रीतही सोपी आहे. किल्ली फिरवताच नुसती टिकटिक होऊन दिवे मंदावले, तर दोष बहुधा बॅटरीचा. किल्लीच फिरत नसेल आणि स्टिअरिंग अडकले असेल, तर ते स्टिअरिंगचे कुलूप. चाक हलकेच डावीउजवीकडे हलवीत किल्ली फिरवावी. पण दिवे लख्ख आहेत, एंजिन घुमते पण धरत नाही, किंवा धरून दोन सेकंदांत सोडते, आणि तो दिवा लुकलुकतच राहतो, तर खूण पटलेली नाही असे समजावे. काही गाड्यांत एंजिन घुमतही नाही. गाडी बंद करून ठेवल्यावर दिवा सावकाश लुकलुकतो, तो मात्र पहारा. त्याची चिंता नको. रिमोटने दार उघडले म्हणजे चिप ठीक आहे, असेही नव्हे. दाराचे काम सेलचे, एंजिनचे चिपचे. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत सेल संपलाच, तर गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी किल्ली टेकवून धरली की बहुधा भागते.

"अशा वेळी दुसरी किल्ली लावून पाहावी," काका म्हणाले. "तीही चालेना, तर वर्कशॉप गाठावं, आणि जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या न्याव्यात. नव्या किल्लीची ओळख करून देताना पुष्कळ गाड्यांत जुन्यांचीही पुन्हा करून द्यावी लागते. रस्त्यावरच्या कोणाला तारा मात्र कापू देऊ नयेत. बरं, तुमची दुसरी किल्ली कुठं आहे?"

मी अभिमानाने जुडगा पुढे केला. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, असे ऐकल्यावरून पाडव्याच्या रात्रीच मी दोन्ही एका पितळी कडीत ओवून टाकल्या होत्या.

काका हसले. "दोन दूत एकदम बोलू लागले, तर बिचाऱ्या सीतेला कळणार कोणाचं?"

त्यांनी एक किल्ली सोडवून लावली. दिवा लागला, विझला आणि एंजिन सुरू झाले.

साऱ्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या. भाचा तेवढा हात मागे बांधून दूर उभा होता.

शिरवळ मागे पडेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. शेवटी मीच म्हणालो, "सकाळी तू काय सांगत होतास?"

"हेच, की काल मी आणली तेव्हा गाडी अगदी ठीक होती."

"माझं चुकलं," मी म्हणालो. इतके छोटे वाक्य उच्चारायला मला दोन तालुके लागले.

साताऱ्याला ताईने ओवाळले. तबकात ओवाळणी घातल्यावर मी खिशातली दुसरी किल्ली काढून भाच्याच्या हातात ठेवली. "ही तुझ्याकडेच असू दे. दोन्ही एकत्र ठेवायच्या नाहीत, असं काकांनी सांगितलंय. आणि गाडी दुसऱ्याची नाही, घरची आहे."

त्याने किल्ली मुठीत धरली. थोड्या वेळाने गंभीरपणे विचारले, "मामा, घरची असली तरी पेट्रोल तुम्हीच भरायचं ना?"

तेव्हा कुठे ताईच्या घरी दिवाळी सुरू झाली.