सांगाडा भक्कम, क्लॅडिंगचे काय?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि सुमारे १८० जणांचा बळी गेला. सातारा जिल्ह्यातील कोयनेपासून सांगली जिल्ह्यातील वारणेपर्यंतच्या पट्ट्यात त्यानंतर धक्के कधीच पूर्णपणे थांबले नाहीत. त्यांच्या अभ्यासासाठी कऱ्हाडजवळ हजारमाची येथे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळाही उभी राहिली आहे.

दरम्यान, दोन्ही जिल्ह्यांतील शहरांत आरसीसी इमारती वाढल्या. सांगाड्याची आखणी अभियंता भूकंपाचा हिशेब करून करतो. त्यावर शोभेसाठी चढविल्या जाणाऱ्या दगड-विटांच्या आवरणाचा, म्हणजे क्लॅडिंगचा, निर्णय मात्र अनेकदा अखेरीस होतो आणि तो गवंड्यावर सोपविला जातो.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. पाच सेंटीमीटर जाडीच्या काळ्या दगडाचे वजन चौरस मीटरला सुमारे १४० किलो भरते. वजन जितके अधिक, तितका त्यावर येणारा भूकंपाचा जोर अधिक. शिवाय धक्क्यात सांगाडा डोलतो. दगड ताठर असतो. नुसत्या सिमेंटवर चिकटविलेला दगड अशा वेळी सुटून खाली येऊ शकतो.

ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे २८ डिसेंबर १९८९ रोजी ५.६ रिश्टरचा मध्यम भूकंप झाला. तेथे विटांचे बाहेरचे पदर ठिकठिकाणी ढासळले, कारण ते आतल्या भिंतीला बांधणारे धातूचे दुवे गंजलेले होते किंवा बसविलेलेच नव्हते. १९९३ मध्ये किल्लारीतही आरपार दगडांनी न बांधलेल्या जाड भिंतींचे दोन पदर विलग होऊन कोसळले. बांधणी वेगळी, धडा एकच.

उपाय अवघड नाहीत. आवरणाचे वजन प्रत्येक मजल्यावर तुळईला जोडलेल्या लोखंडी अँगलने पेलावे. दगड स्टेनलेस स्टीलच्या दुव्यांनी सांगाड्याला बांधावेत. पाटण, शिराळ्याच्या पावसात साधे लोखंड गंजणारच. हालचालीसाठी मजल्यागणिक फट ठेवावी. जुन्या आवरणावर ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास तज्ज्ञांना दाखवावे.

नगरपालिका व महापालिकांनी भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी क्लॅडिंगच्या आधाराचा आराखडा मागावा. शाळा, रुग्णालये आणि बाजारपेठांपासून ही सुरुवात व्हावी. इमारत उभी राहिली, पण तिचा दर्शनी भाग दारातून बाहेर धावणाऱ्या माणसावर कोसळला, तर तिला भूकंपरोधक कसे म्हणावे?