भांडण भाषेचे की गादीचे?

जगातली भांडणे संस्कृतीची आहेत, असे अमेरिकेच्या हंटिंग्टनसाहेबांनी १९९३ साली मांडले. तेव्हापासून कुठे तोफ धडाडली, की आमचे पंडित लागलीच धर्म नि संस्कृतीच्या पोथ्या सोडतात. आम्ही त्यांना एकच विचारतो : पूर्व बंगालचं काय?

पाकिस्तानची राज्यभाषा उर्दूच, असे जीनांनी २१ मार्च १९४८ रोजी ढाक्यात ठणकावले. देशातली बहुसंख्य प्रजा बंगाली बोलणारी! बरे, पश्चिमेकडे तरी उर्दू किती घरांत होती? तिथे पंजाबी, सिंधी, पश्तू. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्याची पोरं भाषेसाठी गोळ्या खाऊन पडली. अखेर १९५६ च्या घटनेत बंगालीला उर्दूच्या शेजारी पाट मांडावाच लागला.

मग भांडण मिटायला हवं होतं. मिटलं का? पाट दिला, ताट कुठे दिलं! ताग बंगालचा आणि राजधानी आधी कराची, मग इस्लामाबाद. बंगाल्यांची डोकी जास्त भरतात म्हणून १९५५ साली पश्चिमेचे प्रांत एका मोटेत बांधले आणि म्हणे, दोन्ही बाजू समसमान! १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबांच्या अवामी लीगने पूर्वेच्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. साऱ्या देशात बहुमत झाले. तेव्हा याह्याखानांनी सभेची बैठकच पुढे ढकलली, आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यावर लष्कर सोडले. मारणारे मुसलमान, मरणाऱ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते.

आणि बडी राष्ट्रे? ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीनेच या कत्तलीविरुद्ध वॉशिंग्टनला तार केली. ती बाजूला पडली, कारण किसिंजरसाहेबांना पाकिस्तानच्या दारातून गुपचूप पेकिंग गाठायचे होते. जुलैत ते गेलेही. इस्लामी पाकिस्तान, कम्युनिस्ट चीन, ख्रिस्ती अमेरिका एका पंगतीला! ही कुठली संस्कृती हो?

भाषा फुकाची, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बंगाली माणूस एक झाला तो भाषेनेच. पण रणगाडे निघाले ते गादी सुटू नये म्हणून.

पुरावा हवा? ढाक्याच्या छावण्यांत जाऊन पाहा. १९७१ नंतर उर्दू बोलणारे बिहारी मुसलमान तिथे अडकले. उर्दूचा झेंडा नाचवणाऱ्या पाकिस्तानने त्यांतले काही नेले, बाकीच्यांना दार लावले. त्यांच्या नागरिकत्वाचा हक्क २००८ साली मान्य केला तो ढाक्याच्या हायकोर्टाने.