आउट ऑफ सिलॅबस

परवा माहेरी सगळे जमलो होतो. आमरस-पुरी हादडून मंडळी आडवी झालेली, टीव्हीवर चिंपांझींची डॉक्युमेंटरी चालू. आणि भाचीनं बॉम्ब टाकला, "मावशी, माणूस माकडापासून झाला ना? मग ही बाकीची माकडं अजून माकडंच कशी?"

हशा पिकला. काका लोडाला टेकूनच म्हणाले, "अगं, मासा, कासव, वराह... आपल्या दशावतारात सगळं ओळीनं दिलंय. डार्विन काय नवीन सांगतोय?" मी दहावीला सायन्समध्ये नव्वदच्या वर मार्क मिळवलेली बाई, पण ऐनवेळी मलाही उत्तर सुचेना. मग आपण मोठी माणसं करतो तेच केलं. "तुला शाळेत शिकवलं नाही का?" म्हणून तिच्यावरच उलटले.

ती गारपणे म्हणाली, "नाही. आउट ऑफ सिलॅबस."

खरंच होतं. ती सीबीएसईची, २०२४ साली दहावी झालेली. कोविडनंतर अभ्यासाचा भार हलका करायचा म्हणून एनसीईआरटीनं दहावीच्या सायन्समधून उत्क्रांती काढली. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' हा धडा २०२३च्या पुस्तकात नुसता 'आनुवंशिकता' झाला. बारावीच्या बायोलॉजीत उत्क्रांती आहे, असं सांगण्यात आलं. कबूल. पण बायोलॉजी घेतात किती जण? भाची तर कॉमर्सला. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्या वर्षी जाहीर पत्र लिहून विरोध केला, चार दिवस पेपरात आलं आणि आपण आपापल्या अप्रेझलकडे वळलो. (राज्य मंडळाच्या २०१८च्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा. एकाच सोसायटीत दोन मुलं, दोन बोर्डं, दोन उत्तरं!)

त्या रात्री मला डोव्हर आठवलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं हे छोटंसं गाव. तिथल्या स्कूल बोर्डानं २००४च्या ऑक्टोबरात ठराव केला की नववीच्या बायोलॉजीत उत्क्रांती सुरू करण्याआधी मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं. डार्विनच्या सिद्धांतात फटी आहेत, 'इंटेलिजंट डिझाइन' नावाचं दुसरं स्पष्टीकरणही आहे, आणि त्याचं पुस्तक शाळेत ठेवलंय. सायन्सच्या शिक्षकांनी वाचायला साफ नकार दिला. ते म्हणाले, हे सायन्स नाही, आणि आमच्या तोंडून मुलांनी ते ऐकलं तर त्यांना सायन्स वाटेल. नोकरी सांभाळून बॉसला नाही म्हणणं काय असतं, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटी जानेवारी २००५मध्ये प्रशासनातली माणसं वर्गात येऊन वाचून गेली. आणि मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे, या विषयावर चर्चा होणार नाही, शिक्षक प्रश्नांना उत्तरं देणार नाहीत, असंही मुलांना सांगितलं गेलं.

अकरा पालक कोर्टात गेले. हे कुणी देवाधर्माचे वैरी नव्हते, त्यांच्यात चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारेही होते. त्यांच्या बाजूनं पहिली साक्ष दिली ती ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या केनेथ मिलर यांनी. ते जीवशास्त्रज्ञ आहेत आणि श्रद्धाळू कॅथलिकही. खटला सॉलिड रंगला. शाळेत ठेवलेल्या त्या पुस्तकाचे जुने खर्डे बाहेर आले. शाळेत सृष्टिवाद शिकवायला लावणारा कायदा १९८७ साली सुप्रीम कोर्टानं रद्द केल्यावर, खर्ड्यात 'सृष्टिवादी' खोडून 'डिझाइनचे समर्थक' असं घातलं होतं, आणि एके ठिकाणी घाईत दोन्ही शब्द एकमेकांत घुसून राहिले होते. कॉपी-पेस्टनं पकडून दिलं! दुसऱ्या बाजूचे तज्ज्ञ मायकेल बीही यांना उलटतपासणीत कबूल करावं लागलं की त्यांची विज्ञानाची व्याख्या धरली तर ज्योतिषही त्यात बसेल. २० डिसेंबर २००५ला जज जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला, पालक जिंकले. जोन्स यांना नेमलं होतं जॉर्ज बुश यांनी.

सगळीकडे असा गोड शेवट होत नाही. टेनेसीतलं डेटन, जिथे १९२५ साली उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला, तिथेच ब्रायन कॉलेज हे ख्रिस्ती कॉलेज आहे. २०१४ साली तिथल्या विश्वस्तांनी कॉलेजच्या श्रद्धापत्राला खुलासा जोडला: आदम आणि ईव्ह हे आधीच्या जीवांपासून आलेले नाहीत, देवानं थेट घडवले. ज्यांना हे पटेना त्यांची नोकरी अडचणीत आली, काही प्राध्यापक कॉलेज सोडून गेले. आणि आपलं झेवियर्सही धार्मिकच की! १८६९पासून जेझुइट पाद्री चालवतात, लाइफ सायन्सही शिकवतात. तेव्हा गेटवर क्रॉस आहे की 'ॐ' यावरून काही कळत नाही.

आपल्याकडेही जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे शिक्षण राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन खोडून काढलं, प्रकाश जावडेकरांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. आरडाओरडा झाला, उत्तर मिळालं. धडा गेला तेव्हा भाचीच्या वर्गात साधी कुजबुजही झाली नाही. असल्याची आठवण नसेल, तर गेल्याचं कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी तिला गाठलं. किराणाच्या बिलामागे एक फांदी काढली, तिला दोन फाटे. "हा तुझा मामेभाऊ. तू त्याच्यापासून झालीस का?"

"ईऽऽ, नाही! आमचे आजोबा एक आहेत."

"तसंच. चिंपांझी आपले आजोबा नाहीत, भावंडं. दोघांचे पूर्वज एक, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे. मग फाटे फुटले. तेही बदलत गेले, आपणही."

तिनं बिल उलटसुलट करून पाहिलं. मग पेन माझ्या हातातून घेतलं आणि विचारलं, "ओके. मग आजोबांच्या वर काय काढू?"

काका पेपर बाजूला ठेवून चष्मा शोधायला लागले.