पिशवीवर बंदी, मग शाम्पूची पुडी कशी सुटली?

अकोला : जुने शहरातलं किराणा दुकान असो की बाळापूर-पातूरच्या खेड्यातलं, शाम्पू, तेल, क्रीमच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतातच. रोजमजुरीच्या घरात बाटली नाही, एक-दोन रुपयांची पुडीच परवडते. वापरून फेकली की ती नालीत, नालीतून मोर्णेत.

राज्यानं 23 मार्च 2018 ला प्लास्टिकबंदी आणली. पण कारखान्यातूनच मालासोबत येणारं वेष्टन त्यातून वगळलं. केंद्राची 1 जुलै 2022 ची बंदी कप, प्लेट, स्ट्रॉ अशा वस्तूंवर आहे. पुडी दोन्हीकडून सुटली.

भंगारवाला शाम्पूची रिकामी बाटली घेतो, पुडी घेत नाही. बाटलीचं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येतं. पुडीत मात्र वेगवेगळ्या प्लास्टिकचे, कधी ॲल्युमिनियमचेही थर चिकटवलेले असतात. ते सोडवणं परवडत नाही. शेकडो पुड्या वेचल्या तरी किलो भरत नाही.

फेब्रुवारी 2022 च्या केंद्रीय नियमांनी या कचऱ्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. पण ठरलेला कचरा देशात कुठंही गोळा केला तरी कंपनीचा हिशेब जुळतो. अकोल्याची नाली तशीच राहते. जानेवारी 2018 मध्ये मोर्णा साफ करायला नदीत उतरले ते हजारो अकोलेकरच.

म्हणून कंपन्यांकडून जिल्हावार हिशेब मागायला हवा, आणि ग्रामपंचायत, महापालिकेनं पुड्या वेगळ्या गोळा करायला हव्यात. तोवर निदान चुलीत तरी घालू नका. तो धूर घरातल्यांच्याच छातीत जातो.