ही जर्नल कॉपी करता येत नाही

डीबीटी म्हटलं की आपल्याला एकच आठवतं... महाडीबीटी! स्कॉलरशिपचा फॉर्म, न येणारा ओटीपी आणि ऑफिससमोरची लाईन. मी सांगतेय ते डीबीटी वेगळं. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहान यांनी ही उपचारपद्धत तयार केली आणि १९९३ मध्ये तिच्यावरचं पुस्तक काढलं. स्वतःला वारंवार इजा करून घेणाऱ्या, जगणं नकोसं झालेल्या बायकांसाठी ती होती. लिनेहान स्वतः सतराव्या वर्षी अशाच कारणाने हॉस्पिटलात होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. 'मी आहे तशी स्वतःला मान्य आहे' आणि 'मला बदलायचंय' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी धरायची, हे त्यातलं डायलेक्टिकल.

या पद्धतीत कौशल्यं शिकवतात आणि त्यांच्या सरावासाठी छापील वर्कशीट असतात. एम-थ्रीमध्ये बॅक लागल्यावर एका सिनिअर ताईने मला त्यातल्या काही दिल्या. झेरॉक्सवाले काका म्हणाले, "कोणत्या सब्जेक्टची जर्नल?" आता जर्नल आपण कशी लिहितो हे इथे सांगायला नको. मागच्या बॅचची रीडिंग्ज, मागच्या बॅचचा ग्राफ, सबमिशनच्या आदल्या रात्री.

मीही तशीच भरली. कॉन्व्हेंटची असल्यामुळे इंग्रजीत, झकास अक्षरात. घटना : वडिलांनी माझा अपमान केला. भावना : अपसेट. अपसेट! हा शब्द आम्हाला केजीपासून येतो आणि त्यात राग, भीती, लाज, भूक सगळं बसतं. शीट भरली, फाईलला लावली, फरक शून्य.

पण त्या शीटचं नावच 'चेक द फॅक्ट्स'. घटनेच्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. आठवड्याने मी ती मराठीत लिहायला बसले. रिझल्ट सांगितल्यावर बाबा नेमकं काय म्हणाले? "बरं. जेवली का?" आणि फोन ठेवला. बस्स, एवढंच! वेळ पावणेचार. बाबांची खाणीत चारची शिफ्ट असते. 'नालायक' हा शब्द मी आठवडाभर त्यांच्या तोंडी घालत होते, तो माझा होता. बाबा नाराज नव्हते असं नाही. पण अपमान? आणि माझी भावनाही राग नव्हती, मी ओशाळले होते. रागात मी फोन बंद ठेवला होता. ओशाळलेल्या माणसाने काय करायचं असतं ते वेगळं, मी रविवारी घरी गेले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या शीट आपल्या लायब्ररीत मराठीत असायला हव्यात. आजी मला "काहून चिडून राहिली व?" असं विचारते तेव्हा मला उत्तर देता येतं. 'रेट युवर इमोशन' म्हटलं की मी परीक्षेला बसते. अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत पुस्तकं लिहून आणलीच ना? मग हेही जमेल. फक्त कृपा करून त्यावर मार्क ठेवू नका, नाहीतर ह्याही कॉपी होतील.

काही गोष्टी इथल्या हवेप्रमाणे बदलाव्याही लागतील. फार घालमेल झाली की श्वास रोखून चेहरा गार पाण्यात धरा, ठोके मंदावतात, असं एक शीट सांगते. (हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) चंद्रपूरच्या मे महिन्यात होस्टेलच्या नळाला चहाचं पाणी येतं! माठ किंवा बर्फवाला गाठावा लागतो. आणि हा सराव शांत असताना करायचा असतो. वादळ आल्यावर शीट शोधत बसणं म्हणजे व्हायवाच्या दारात पुस्तक उघडणं.

आमचे एक सर म्हणतात, मन खंबीर असलं की कागद लागत नाही. सर, मग ड्रॉइंगला शीट कशाला लागते? पण हेही खरं की कागद म्हणजे उपचार नव्हे. मूळ पद्धतीत थेरपिस्ट असतो, गट असतो, अडचणीत फोनवर मदत असते. जीव द्यावासा वाटत असेल त्याने कागद बाजूला ठेवून माणूस गाठावा. २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा फोन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

मी मराठी मराठी करत होते तेव्हा माझी रूममेट हसली. ती भामरागडची, घरी माडिया बोलते. मराठी तिला जशी शाळेने दिली तशी मला इंग्रजी. हेमलकशाला १९७३ मध्ये काम सुरू झालं तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना पेशंटचं दुखणं कळावं म्हणून आधी माडिया शिकावी लागली होती. पोटदुखीसाठी जर एवढं, तर...

सध्या आम्ही दोघी भावनांची यादी करतोय. माझ्या रकान्यात चीड, वैताग, खंत, हुरहूर, रुसवा झाले. तिच्यात चार शब्द झालेत. 'ओशाळणं'पाशी ती अडली. आईला फोन लावला, तर बोलता बोलता रेंज गेली. रविवारी परत लावणार आहे.